बांधल्या हातांची जत्रा

हात पुढे करा. दोन्ही. मनगटाला मनगट लावून, ओंजळ धरल्यासारखे. भिऊ नका, दोरी अंबाडीची आहे, मऊ आहे, आणि रक्त थांबेल इतकी घट्ट गाठ मी कुणाला मारत नाही. मघाशी सरपंचांचे हात बांधले, त्यांच्या आईचे बांधले. तेव्हा तुम्ही लांबून गाडी करून आलात म्हणून सूट मिळायची नाही. मोबाइल पिशवीत टाका. फोटो काढायला हात मोकळा लागतो, आणि माघी पौर्णिमेला या पटांगणात कुणाचाच हात मोकळा नसतो. एखाद्याने मूठ मिटली असेल तर मिटलेलीच राहू द्या. मी कुणाला मूठ उघडायला लावत नाही. माझ्या बापानेही कधी लावली नाही.

मी सोपान गुरव, इथल्या खडजाई देवीचा पुजारी. समोर छातीइतका उंच काळा कातळ दिसतो ना, तो सारजेचा खडक. त्याच्या बाजूला खड्यांचा ढीग आहे, त्यावर बसू नका. दिवस कलला की सगळी खडजवाडी त्या खडकासमोर हात बांधून बसते, आणि दिवेलागणीला उठते. दिवा लावायला मी चढतो तेवढाच, बाकी खडकावर कुणी चढत नाही. कुणी गात नाही, काही वाजत नाही. शेजारच्या गावांचे लोक आम्हाला हसतात. म्हणतात, खडजवाडीची जत्रा म्हणजे नवऱ्यावाचून वरात. हसू द्या, त्यांचे काही चुकत नाही.

येताना रस्त्याच्या दोन्ही अंगाला ज्वारी पाहिली असेल. मचाणावर बसून बायका पत्र्याचे डबे बडवत होत्या. पाखरांना तो आवाज पाठ झाला आहे. ती एका कणसावरून उठून दुसऱ्यावर बसतात. गोफणीचा एक दगड भिरकावला की थवाच्या थवा उठेल, हे आम्हालाही कळते. पण या गावात गोफण नाही. घरात ठेवायची नाही, विकत आणायची नाही, पाहुण्याने आणली तर वेशीवरच ठेवायची. पाखरे आमच्या ताटातले खातात आणि आम्ही बघत बसतो. हात का बांधतो आणि गोफण का नाही, या दोन्हींची गोष्ट एकच आहे. ऐकायची तर ऐका, दिवस कलायला अजून वेळ आहे.

किती जुनी ते कुणाला ठाऊक नाही. ज्याला विचाराल तो आपल्या पणज्याच्या आधीची म्हणून सांगतो. त्या काळी सारजा नावाची एक आराधीण होती. आराधीण म्हणजे देवीची गाणी गात गावोगाव फिरणारी बाई. गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी. तिचा धाकटा भाऊ बाळोजी संबळ वाजवायचा. हा बाळोजी लहान असताना त्याला देवी आल्या, अंगावर तीळ ठेवायला जागा राहिली नाही, तेव्हा सारजेने खडजाईला नवस केला म्हणे. भाऊ वाचला तर श्वास असेतो दर माघी पौर्णिमेला तुझ्या खडकावर येऊन गाईन. भाऊ वाचला. चेहऱ्यावर व्रण राहिले, पण हात शाबूत राहिले. आणि सारजा दर वर्षी येऊ लागली.

तिचा आवाज कसा होता ते मला विचारू नका. ऐकलेला कुणी उरला नाही, आणि न ऐकलेल्याने वर्णन करावे हे मला पटत नाही. एवढेच सांगतात, की ती गायला लागली की दावणीची जनावरे रवंथ थांबवायची, आणि पदाचा शेवटचा शब्द हा समोरचा डोंगर जसाच्या तसा परत द्यायचा. गाताना ती डोळे मिटायची. पहिल्या सुराला मिटलेले डोळे पद संपल्यावरच उघडायची.

माघात इकडे बोरे पिकतात. गाणे ऐकताना लोक बोरे खायचे, पोरे एकमेकांना बिया मारायची. एका वर्षी असेच कुणाचे तरी बोर उडाले आणि सारजेच्या गालाला लागले. ती दचकली, पद मध्येच राहिले, डोळे उघडले, आणि समोर बसलेल्या पाटलाच्या सुनेकडे बघून ती हसली. या सुनेचे नाव जानकी. लग्नाला बरीच वर्षे झाली होती आणि कूस उजवली नव्हती. पुढच्या माघीला जानकी मांडीवर मुलगा घेऊन बसली.

झाले. गावाला एवढे पुरे होते. ‘बोर लागलं, पोर झालं’ अशी म्हणच पडली. गाता गाता सारजेचे डोळे उघडले आणि नजर ज्याच्यावर पडली, त्याचे मागणे पुरे होते, असे ठरून गेले. कुणी ठरवले ते विचारू नका. असल्या गोष्टी कुणी ठरवत नाही, त्या सकाळी उठून बघाव्यात तर ठरलेल्या असतात.

पुढच्या वर्षी लोक टोपल्या भरून बोरे घेऊन आले. पद सुरू झाले की बोरांचा पाऊस. बाळोजी संबळ थांबवून ओरडला, पण सारजाच त्याला म्हणाली, “आसूं दे रं. पालखीवर खारीक-खोबरं टाकत्यात न्हवं? मायेनं टाकत्यात. चार बोरांनी मी काय मरती का?”

तिचे खोटे नव्हते. मायेनेच टाकत होते. या गोष्टीत कुणी वैरी नाही, हे ध्यानात ठेवा. वैरी असता तर ही गोष्ट सांगायला मला इतके जड गेले नसते.

पुढे पाटील, कुलकर्णी, मोठी घराणी बसायची. त्यांची बोरे पोचायची. मागे बसणाऱ्या गरिबांची बोरे मध्येच कुणाच्या तरी मुंडाशावर पडायची. मग मागच्यांनी कच्ची, कडक बोरे आणली. तीही पोचेनात, तेव्हा बोरात खडा खोचला. शेवटी बोर गळून पडले आणि नुसता खडाच राहिला, कुंकवात घोळलेला. पण त्याला कुणी खडा म्हणत नसे. ‘मागणं’ म्हणायचे. “तुझं मागणं लागलं का?” “औंदा माझं खांद्याला लागलं बग, पण तिनं दुसरीकडंच बगितलं.” अशी बोलणी चालायची. जत्रा झाली की बाळोजी बहिणीच्या अंगावर हळद लावत बसायचा, आणि गावातल्या बायाच त्याला हळद आणून द्यायच्या.

सारजेने सांगून पाहिले. खडकावर उभी राहून म्हणाली, “बायांनो, माझ्या डोळ्यांत काय बी न्हाई गं. असतं तर माझ्या घरी पाळणा हलला नसता का?” लोकांनी हात जोडले. देव कधी आपण देव आहे असे सांगतो का, म्हणाले. एका वर्षी तिने डोळे उघडे ठेवून गायला सुरुवात केली. सगळ्यांकडे सारखे बघावे, म्हणजे भांडण मिटेल, असा तिचा हिशेब. तर लोक खवळले. “डोळं मीट! डोळं मीट!” म्हणून पटांगण दणाणले. डोळे मिटलेलेच नाहीत तर मागणे लागून उघडणार कसे? आणि तिलाही उघड्या डोळ्यांनी सूर सापडेना. मिटले तिने डोळे. यायचे थांबवता येत नव्हते. नवस होता, आणि बोललेला नवस मोडला तर तो भावावर उलटेल ही भीती.

आता भागाचे ऐका. भागा धनगराची. नवरा मेंढरे घेऊन लांब असायचा आणि ही पाटलाच्या ज्वारीत मचाणावर बसून पाखरे राखायची. गोफण अशी चालवायची, की बसलेल्या पाखराला न मारता नुसते कणीस हलवून त्याला उडवायची. तिला एकच मुलगा, बिरू. तो दिवसेंदिवस वाळत चालला होता. खाल्लेले अंगी लागेना, मान धरवेना, रडायचे त्राणही राहिले नव्हते. वैदू झाले, अंगारे झाले. आता सारजेची नजर एवढेच राहिले होते. पण भागाची जागा सगळ्यांत मागे, त्या बाभळीपाशी. तिथून तिचे मागणे कधी पोचलेच नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सारजा ओढ्यावर धुणे धूत होती. भागा पाण्याला आली, तिने सारजेला ओळखले, आणि बिरूला तिच्या मांडीवर ठेवले. सारजेने हात पुसले. पोराला उचलून घेतले, त्याच्याकडे खूप वेळ बघितले, आपल्या शिदोरीतली भाकरी दुधात कुस्करून बोटाने त्याला भरवली. त्याने दोन घास गिळले म्हणे.

“ह्याला शेळीचं दूध पाज,” सारजा म्हणाली. “थोडंथोडं, पण सारखं. आमच्या बाळ्याला आसंच उठवलं मी.”

भागा म्हणाली, “आक्का, नजर टाका की ह्याच्याव.”

“मग आत्ता काय केलं? डोळं भरून बगितलं की.”

“आसं न्हवं. गाताना. मागणं लागल्याव डोळं उगडत्यात, तसं.”

फुकट मिळालेली नजर भागाच्या हिशेबात धरलेलीच नव्हती. सांगून उपयोग नाही हे सारजेला एव्हाना कळले असावे. ती म्हणाली, “बरं. उंद्या शेवटच्या पदाला मी माझी मी डोळं उगडीन. आन् तुझ्याकडंच बगीन, दुसऱ्या कुणाकडं न्हाई. पर तू काय बी टाकायचं न्हाईस. दे वचन.”

भागाने वचन दिले.

दुसऱ्या दिवशी पटांगण भरले. सारजा गात होती, खडे येत होते. एक कपाळाला लागला, एक मनगटाला. तिने डोळे उघडले नाहीत. पुढचे लोक चरफडायला लागले, आज बाई कुणालाच पावेना म्हणून. भागा मागे बिरूला घेऊन गप्प बसली होती, मोकळ्या हातांनी. शेतातून तशीच आल्यामुळे गोफण कमरेला खोचलेली होती.

शेजारची एक बाई तिला म्हणाली, “काय गं, रिकाम्या हातानं बसलीस? रडल्याबिगर आईबी पाजत न्हाई.”

बस, एवढेच. ती बाई काही वाईट नव्हती, तिने आपले काळजीने सांगितले. पण भागा पुन्हा हिशेब करू लागली. सारजेने डोळे उघडले, आणि नेमका त्याच वेळी पुढच्या एखाद्याचा खडा लागला, तर ती नजर त्याच्या नावावर जाईल. आपले काहीच लागलेले नसेल, तर आपले मागणे कुठल्या आधारावर पुरे व्हायचे? शेवटचे पद सुरू झाले होते. तिने बिरूच्या पायातला चांदीचा वाळा काढला. वजनासाठी त्यात एक दगड धरला, बिरूच्या कुंचीची पट्टी फाडून गुंडाळला, आणि उभी राहून गोफण फिरवली. नेम सारजेच्या पायांवर धरला होता. पायाशी नुसते टेकावे, एवढेच. भागा मरेपर्यंत हे सांगत होती, आणि तिचा नेम ज्याने पाहिला होता त्याने ते कधी खोटे मानले नाही.

पण सारजेने वचन पाळले होते. पदाच्या मध्येच तिने डोळे उघडले, मागे बाभळीकडे बघितले, आणि गात गातच ती खडकावरून खाली उतरू लागली. इतक्या वर्षांत ती कधी मध्ये उतरली नव्हती. तिला भागापर्यंत चालत जायचे होते, पोराला पुन्हा उचलून घ्यायचे होते, सगळ्या गावासमोर, म्हणजे त्या माउलीच्या हिशेबात बसेल. दगड गोफणीतून सुटला तेव्हा ती वर उभी होती. पोचला तेव्हा, जिथे तिचे पाय होते तिथे तिचे डोके आले होते.

ती पडली नाही, असे सांगतात. खडकाला टेकून उभी राहिली. एक डोळा गेला होता. दुसऱ्याने भागाकडे बघत राहिली आणि पद तोडले नाही. नवस होता ना. शेवटचा शब्द म्हटला, डोंगराने तो परत दिला, आणि मग ती बसली. दिवेलागणीच्या आत तिचा प्राण गेला. त्या दिवसापासून या डोंगराने कुणालाही साद परत दिलेली नाही. खोटे वाटत असेल तर उद्या जाताना हाक मारून बघा. आज नको.

बाळोजीने बहिणीला खडकावर निजवले, तिच्या अंगावर धाबळी घातली. मग भोवती पडलेले सगळे खडे गोळा करून ढीग केला आणि गावाला म्हणाला, “ज्याचं त्यानं मागणं उचला.”

कुणी उठले नाही. पाटील उठला नाही, जानकी उठली नाही. खड्यांवर काय नाव लिहिलेले असते? ज्याला त्याला आपला खडा कुठला ते माहीत नव्हते, किंवा माहीत असूनही नव्हते. ओळखू येण्यासारखे मागणे एकच होते, कारण त्यात वाळा होता. तो बाळोजीने पट्टीतून सोडवला, पुसला, आणि स्वतः चालत जाऊन भागाच्या हातात दिला. शिवी दिली नाही. शाप दिला नाही. शाप दिला असता तर फार बरे झाले असते. त्याला उतारा तरी शोधता आला असता. खाली मान घालून त्याने संबळ खांद्याला अडकवला आणि बहिणीला अग्नी देऊन तो गेला. पुन्हा कुणाला दिसला नाही.

खडे सगळ्या गावाने मारले होते, पण नाव एकट्या भागाचे झाले. तिला पाणवठ्यावर कुणी घागर उचलू लागेना. तिच्याशी बोलणे टाकले. स्वतःकडे बघायचे नसले की माणसाला दुसऱ्याकडे बोट दाखवायला फार बळ येते. पुढची माघी आली. गावाने आसपासच्या साऱ्या आराध्यांना, गोंधळ्यांना निरोप धाडले. एकही आला नाही.

त्या दिवशी भागा एकटी पटांगणात आली. हातात गोफण होती, तिचे पेड उसवलेले. ती गुरवासमोर, म्हणजे माझ्या पूर्वजासमोर, उभी राहिली आणि म्हणाली, “काका, माझं हात बांदा.” त्याने बांधले. मग ती चालत पुढे गेली, आणि जिथे पाटलाची बैठक असायची तिथे, रिकाम्या खडकासमोर जाऊन बसली. कुणी तिला उठवले नाही. थोड्या वेळाने जानकी आली, लेकराचे बोट सोडून तिने हात पुढे केले. मग एकेक जण. लोक घरी जाऊन गोफणी घेऊन आले, कापल्या, त्यांच्या दोऱ्या केल्या. दोऱ्या संपल्या तेव्हा गुरवाने आपला करगोटा सोडला, असे म्हणतात.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला अभिमानाने सांगितली असती. गाव चुकले, गावाला कळले, गाव हात बांधून बसले. पण बिरूचे सांगायचे राहिले.

बिरू जगला. सारजा गेली त्याच माघात त्याने मान धरली, शिमग्याला तो रांगत होता. आणि तिथेच आमचे वाटोळे झाले. शेळीचे दूध भागा त्याला पाजत होती, ओढ्यावर सांगितल्याप्रमाणे, थोडेथोडे, सारखे. तो दुधाने उठला असेल. मला तसेच वाटते. पण दुधाची आठवण कुणाला राहते? गावाने काय पाहिले? सगळ्यांची मागणी वाया गेली, एकीचे वर्मी लागले, नजर तिच्यावर पडली, आणि तिचे पोर उठले. तोंडाने कुणी बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

भागाने हात बांधून घेतले त्याच दिवशी, दिवेलागणीला सगळे उठून गेल्यावर, गुरव खडकावर दिवा लावायला गेला. वर एक खडा होता. कुंकवात घोळलेला, ओला. सगळ्यांचे हात त्याने स्वतः बांधले होते. भागा अजून तिथेच होती, तिनेही तो पाहिला. सारजा गेली तेव्हा ती रडली नव्हती, गावाने टाकले तेव्हाही नाही. त्या खड्याकडे बघून मात्र ती ऊर फुटेपर्यंत रडली. बिरू मोठा झाला, पण या पटांगणात कधी बसला नाही. कुठे गाणे ऐकू आले की मेंढरे वळवून लांब निघून जायचा.

आजही माघी पौर्णिमेला सारे गाव हात बांधून इथे बसते. गाठी मी मारतो आणि मीच सोडतो. आजही दिवेलागणीला मी खडकावर चढतो, आणि आजही तिथे एक तरी खडा असतोच. कधी दोन, कधी मूठभर. कसा सोडतात हात, कधी टाकतात, मी बघत नाही. त्या वेळी मी देवीकडे तोंड करून बसतो. गेल्या वर्षी खड्याला एक प्लास्टिकचा पट्टा गुंडाळलेला होता. दवाखान्यात तान्ह्या बाळाच्या मनगटाला घालतात ना, तसला. कुणाचा ते मी शोधले नाही. ढिगात टाकला आणि घरी गेलो. त्या दिवशी जेवण गेले नाही.

चला, दिवस कलला. बसून घ्या.

ताई, तुम्ही इकडे बाभळीपाशी बसा, सावली आहे. लेकरू मांडीवर आहे म्हणून तुमची गाठ मी सैल ठेवली आहे. मूठ मी मघाशीच पाहिली. टाकू नका असे सांगून आमच्या पिढ्या थकल्या, तेव्हा मीही ते सांगत नाही. फक्त टाकण्याआधी एकदा वर बघा. तिथे कुणी नाही.